चारूभाऊंची राहिलेली विदाई

१

आमचं कार्यालय रायपूरला, शंकरनगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात होतं. राज्य नवीन झालं, भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या आणि बसायला जागा नाही, म्हणून सरकार मिळेल तिथे बसलं. साहेबांना हॉल मिळाला, स्थापना शाखेला बेडरूम, आणि संगणक विभागाच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला स्वयंपाकघर आलं. ओट्यावर जिथे शेगडी असायची तिथे माझं टर्मिनल होतं. सिंकमध्ये प्रिंटरचे कागद रचलेले असत. पाहुण्यांना मी हे हसत दाखवायचो, पण मनातून मला ते अपमानाचंच वाटायचं.

रोज सगळ्यांच्या आधी येऊन दिवसाची सूचना लिहायची हे माझं काम. कर्मचारी आपापल्या टर्मिनलवर नाव घालून आत शिरले की सर्वांत आधी ती सूचना समोर येई. कोणाची बदली, कोणाची बैठक, कोणाचं निधन. अक्षरं रोमन, भाषा हिंदी. ती मी ज्या एडिटरमध्ये लिहायचो तो फार जुन्या वळणाचा होता. त्यात पूर्ण पान दिसत नाही. ओळ मागितली की तेवढीच ओळ दाखवतो. काही चुकलं तर काय चुकलं ते सांगत नाही, नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकतो आणि गप्प बसतो. नव्या पोरांना त्याचा संताप येई. मी मात्र भोपाळला त्याच्यावरच शिकलो होतो, आणि तो दुसऱ्या कोणाला येत नाही याचा मला जरा गर्वच होता.

निधनाची सूचना असली की आमच्याकडे एक रीत होती. सगळ्यांनी ती वाचली की तुळशीराम चपराशी पितळी घंटा वाजवी, मग सारे जागच्या जागी उभे राहून दोन मिनिटं मान खाली घालत आणि त्यानंतर कार्यालय बंद. लोकांना दुःख किती होई ते देव जाणे, पण अर्धी सुट्टी मिळे हे खरं.

त्या दिवशी दोन बातम्या होत्या. नत्थूराम नावाचा आमचा जुना ड्रायव्हर वारला होता, आणि स्थापना शाखेचे चारुदत्त, म्हणजे आमचे चारूभाऊ, त्याच दिवशी सेवानिवृत्त होत होते. कार्यालय बंद झालं तरी चार वाजता सगळ्यांनी परत यायचं होतं: त्यांची विदाई, शाल-श्रीफळ, समोसे. मी नेहमीप्रमाणे जुन्याच दोन ओळी घेतल्या आणि त्यातली नावं बदलली. नावं बदलताना आपण कोणत्या ओळीवर उभे आहोत ते पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. सवयीच्या माणसाचं असंच होतं, त्याला आपला हात चुकेल असं वाटतच नाही.

घंटा वाजली, मीही उभा राहिलो, आणि मान खाली घालता घालता माझी नजर पडद्यावर गेली. शोकाच्या ओळीत चारूभाऊ होते. विदाईच्या ओळीत नत्थूराम.

ओरडावं असं वाटलं. पण सगळं घर इतकं शांत होतं की माझ्याने तोंड उघडवेना. तेवढ्यात फाटकातून चारूभाऊच आत आले, हातात पेढ्यांचा डबा. लोक मान खाली घालून उभे आहेत हे पाहून बिचारे दारातच थांबले, चपला काढल्या आणि त्यांनीही मान खाली घातली.

दोन मिनिटं संपली. चारूभाऊ हळूच म्हणाले, "कोन गेलं हो?"

कोणी उत्तर दिलं नाही. लोक स्कूटरच्या किल्ल्या शोधत त्यांच्या बाजूने बाहेर पडले. मला वाटलं, लाजले असतील. जिवंत माणसाला कोण सांगणार?

२

दुसऱ्या दिवशी शिशिरने मला बोलावलं. शिशिर हा आमच्या यंत्रांचा प्रमुख, माझ्या मुलाच्या वयाचा. घरी मराठी बोलत असावा, कार्यालयात मात्र हिंदीच.

"काका, बैठिए," तो म्हणाला, आणि दार लोटून घेतलं. ते लोटलेलं दार मी विसरत नाही. "नत्थूराम के घरवाले आए थे. उनका नाम विदाई में कैसे चला गया?"

मी म्हणालो, चूक झाली, माझीच चूक.

"साहब बहुत नाराज़ हैं. मैंने आपके अकाउंट को थोड़ा बाँध दिया है. बुरा मत मानिए."

बाँध दिया म्हणजे काय ते मला ओट्याशी आल्यावर कळलं. एडिटर तोच, पण हात बांधलेला. आजच्या सूचनेखेरीज दुसरी फाईल उघडता येत नव्हती. दुसऱ्या नावाने काही साठवता येत नव्हतं. एडिटरमधून यंत्राला एखादी आज्ञा देता येत असे, तीही बंद. काही मागितलं की प्रश्नचिन्ह. इतकी वर्षं नोकरी करून मला एका कागदापुरतं ठेवलं होतं, आणि तेही एका पोराने, वर काका म्हणून. कानाची पाळी तापली की माझी मलाच कळते, तशी ती दिवसभर तापलेली होती. घरी बायकोला, मंदाकिनीला, मी काही सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने रायपूरचं सगळं सरकार माझ्या बोटांवर चालत होतं.

पण शिशिरच्या खोलीतून निघताना मी एक विचारलं होतं. "आणि चारूभाऊंचं नाव?"

"उनका क्या?"

"तेही चुकीच्या जागी गेलं ना."

शिशिरने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "उनका तो ठीक था, काका," तो म्हणाला आणि फाईल ओढून घेतली.

त्याला काय म्हणायचं असेल याचे मी दिवसभर तीन-चार अर्थ लावून पाहिले. परत जाऊन विचारणं सोपं होतं. पण ज्या खोलीतून मान खाली घालून निघालो तिथे पुन्हा कोण जातं?

३

चारूभाऊ त्यानंतरही येत राहिले. निवृत्त माणूस काही दिवस येतोच, पाय वळतात. स्थापना शाखेत त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं होतं, म्हणून ते माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसत.

"माही विदाई राह्यली ना," ते म्हणाले. "म्हणून येऊन राह्यलो. कधी करतेत काही म्हणाले काय?"

मी म्हणालो, विचारतो. शाल आणि नारळ तुळशीरामच्या कपाटात पडून होते ते मला माहीत होतं. विचारलं मात्र नाही, कारण विदाईचा विषय निघाला की माझ्या चुकीचा निघणार आणि मग सगळ्यांना हसायला मिळणार. अजून कोणी हसलं नव्हतं. हेही जरा विचित्रच होतं, पण मी त्याबद्दल नशिबाचे आभार मानत होतो.

तुळशीराम चहा आणायचा तो एकच कप. मी आपला अर्धा चहा बशीत ओतून चारूभाऊंपुढे सरकवायचो. ते नको म्हणायचे. तुळशीराम परत येऊन बशी उचलायचा आणि पुटपुटायचा, "साहब, चाय काबर छोड़ देथव?" चहा का टाकून देता, असं त्याच्या बोलीत. माझा राग तुळशीरामवर निघे. खुर्ची गेली की माणसाची किंमत गेली, असं मी चारूभाऊंना म्हणालोसुद्धा. ते हसले.

रायपुरात तेव्हा सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ सगळीकडे बसायची. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माझ्या कीबोर्डवर. सकाळी फडकं मारलं की दुपारपर्यंत पुन्हा थर. खिडकीजवळच्या जागी तर जास्तच. एकदा चारूभाऊ गेल्यावर मी फडकं घेऊन त्यांच्या खुर्चीशी गेलो. बैठकीवर धुळीचा थर सारखा बसलेला होता. कुठे पुसला गेलेला नव्हता, कुठे मोडलेला नव्हता. ते सकाळपासून तिथे बसले होते.

मी स्वतःला समजावलं. ते उठले, मी चहा घेतला, तेवढ्या वेळात धूळ बसली असेल. आमची धूळ तशी वाईटच. मग मी खुर्ची पुसायची नाही असं ठरवलं, आणि का ठरवलं ते मनाला विचारलं नाही.

४

शेवटी एका रविवारी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. भोसल्यांच्या काळापासून त्यांचं घराणं तिथे. चारूभाऊंची एकट्यात माफी मागावी, जमलं तर वहिनींसमोर, आणि हा काटा काढून टाकावा, एवढाच हेतू होता.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत चारूभाऊ पलंगावर बसले होते, बनियनवर. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला वाईट वाटलं. "ये ये दिवाकर, बस." मग आत पाहून त्यांनी आवाज दिला, "अवं, दिवाकर आला. पानी आन."

आतून काही उत्तर आलं नाही. मी चपलांचा आवाज केला, खाकरलो, तेव्हा सत्यभामावहिनी बाहेर आल्या.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी तरी आलेत. बाकी हापिसातलं कोनीच फिरकलं नाही."

त्यांनी पाण्याचा एकच पेला आणला. मी तो घेतला आणि डोळे फरशीवर ठेवले. मला त्यांच्या कपाळाकडे पाहायचं नव्हतं. इतका वेळ मी त्या घरात होतो, पण त्यांच्या कपाळाकडे मी पाहिलं नाही, भिंतीवरच्या फोटोंकडेही नाही. माणूस चोरी करून येतो तेव्हा कसा फरशीचे तुकडे मोजतो, तसा मी बसलो होतो. नवरा-बायकोचं भांडण असेल, असं मी मनाशी म्हणत होतो. म्हाताऱ्या जोडप्यांत अबोला होतो, महिना महिना चालतो.

"एक इचारायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "ह्यायचे शर्ट पडले हायेत कपाटात. चांगले हायेत. तुमच्या हापिसात कोनाले लागत असतील तं सांगा."

पलंगावरून चारूभाऊ म्हणाले, "निळा राहू दे म्हना. निळा म्या विदाईसाठी ठेवला हाये."

वहिनी माझ्या उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पलंगाकडे वळला नाही. मी म्हणालो, "निळा राहू द्या, वहिनी."

त्या जराशा दचकल्या. "निळा? तुमाले कसं मालूम?" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून त्यांचं रडणं ऐकू आलं. चारूभाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर मला सोसला असता, पण राग नव्हता. त्यांना खरंच काही कळत नव्हतं.

माफी मागायला गेलो होतो, पण न मागताच परत आलो.

५

सोमवारी ते ओट्याशी आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"दिवाकर, त्या दिवशी तू काय लिवलं होतं?"

मी सांगितलं. सांगताना मान वर केली नाही.

त्यांनी ओट्यावरच्या टर्मिनलकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "अस्सं. म्हनून व्हय." आणि थोड्या वेळाने, "मंग ते खोडून टाक ना बापा. मले तं दुसरं काही नाही पायजे."

मी खोडायला बसलो. त्या दिवसाची सूचना दुसऱ्या कप्प्यात गेली होती. तिचं नाव घातलं, प्रश्नचिन्ह. पूर्ण पत्ता घातला, प्रश्नचिन्ह. मागच्या दाराने आत शिरायच्या जुन्या युक्त्या होत्या, त्या एकेक करून पाहिल्या. प्रत्येक वेळी तेच चिन्ह, खालच्या ओळीत, डाव्या कडेला. चारूभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांचा श्वास मला लागायला हवा होता, इतके जवळ.

"काय म्हनते ते?"

"नाही म्हणते."

"काहून?"

"ते सांगत नाही."

"मंग शिशिरले सांग," ते म्हणाले. "त्या पोट्ट्याचं तं सगळं चालते."

शिशिरला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की चारूभाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसतात? की मी एका जिवंत माणसाला दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि ती संपलीच नाही? तो पुन्हा दार लोटून घेणार, काका म्हणणार, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या बंगल्यात बोभाटा होणार की ठवरेसाहेबांचं, म्हणजे माझं, डोकं गेलं. मी चारूभाऊंना म्हणालो, उद्या सांगतो. उद्याही तेच म्हणालो. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी एक माणूस असा खिडकीशी ठेवून दिला होता. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत असून मी उद्या म्हणत होतो.

ते हळूहळू कमी बोलू लागले. मला त्यांचं बोलणं ऐकायला एडिटरवरचा हात थांबवावा लागे. एके दिवशी मी दुपारपर्यंत काम केलं आणि मग लक्षात आलं की ते केव्हाचे खुर्चीत आहेत आणि मी त्यांना पाहिलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या दिवसात मला किती हलकं वाटलं होतं. मला माझी किळस आली ती त्या हलकेपणाची.

त्या रात्री मी ठरवलं. जुनी सूचना खोडता येत नाही, पण आजची सूचना तर माझीच होती. तेवढा एक कागद त्यांनी माझ्याकडे ठेवला होता.

६

सकाळी लवकर येऊन लिहिलं. चारुदत्त हयात आहेत, प्रकृती उत्तम आहे. त्या दिवशीच्या शोकसंदेशात त्यांचं नाव आलं ही माझी चूक आहे, तिच्यासाठी मी त्यांची आणि सर्वांची क्षमा मागतो. त्यांची विदाई आज चार वाजता. सूचनेखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आज मी घातलं. दिवाकर ठवरे. लपवायचं ते बरंच लपवून झालं होतं. एकेक ओळ मागून तपासली, साठवली. एडिटरने मुकाट्याने घेतली. प्रश्नचिन्ह आलं नाही, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

चारूभाऊ निळा शर्ट घालून आले. मी त्यांना खुर्ची पुसून दिली.

लोक आले, टर्मिनल सुरू झाली. मी हसण्याची वाट पाहत होतो. हसा, असं मी मनात म्हणत होतो, आता पोटभर हसा. कोणी हसलं नाही. मग तुळशीरामने घंटा वाजवली.

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. चारूभाऊंच्या मानासाठी उभे राहिले असतील असं मला एक क्षण वाटलं. मग माना खाली गेल्या. मी हॉलच्या दारात जाऊन म्हणालो, "अहो, बसा. आज कोणी गेलेलं नाही." माझा आवाज नीट निघाला होता. कोणी मान वर केली नाही, पण त्या दोन मिनिटांत कोण मान वर करतं?

मी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. चारूभाऊ तेवढे खुर्चीत बसलेले होते आणि माझ्याकडे पाहत होते. त्यांना ते माझ्या आधी समजलं असावं. त्यांचा चेहरा पार उतरला. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले, शर्ट नीट केला आणि त्यांनीही मान खाली घातली.

दोन मिनिटांनी शिशिर त्यांच्यापाशी आला. "चारूकाका, आपकी विदाई कल रखते हैं," तो म्हणाला. "आज तो अब..." आणि त्याने ओट्यावरच्या टर्मिनलकडे पाहिलं. मी ओट्याला टेकून उभा होतो. तुळशीरामने चारूभाऊंची पिशवी उचलली आणि ते दोघे फाटकाकडे गेले. जाताना चारूभाऊंनी मागे वळून पाहिलं. पण ते जिथे पाहत होते तिथे मी नव्हतो, दोन हात बाजूला होतो.

सगळे गेल्यावर मी सूचना पुन्हा उघडली. मी लिहिलं होतं तसंच होतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. शोकसंदेश हा शब्द होता, आणि त्याच्याखाली, अगदी शेवटी, माझं नाव.

मी चालतच घरी निघालो. एखादा मोठा पुढारी वारला असेल आणि फोन आला असेल, असं म्हणत पंडरीच्या बाजारापर्यंत आलो. पानठेल्यांवर रेडिओ होते, सगळीकडे गाणी लागली होती. कोणाला तरी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. रस्ताभर मला चारूभाऊंचं ते पलंगावरून आवाज देणं आठवत होतं. अवं, पानी आन. इतके दिवस तो माणूस हे सोसत होता आणि लोक हसतील म्हणून मी तोंड मिटून होतो.

जिना चढलो तेव्हा आत मंदाकिनी फोनवर होती. "नाही, मले बी आत्ताच समजलं," एवढंच ऐकू आलं. मग फोन ठेवल्याचा आवाज. मी ठरवलं होतं की आत गेल्या गेल्या तिला सगळं सांगायचं, बांधलेल्या एडिटरपासून. बेलकडे हात नेला, तेवढ्यात दार उघडलं.

ती पर्स घेऊन घाईने बाहेर आली. मी खाली मान घालून उभा होतो, तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. अरुंद जिना तो, मी भिंतीला लागून बाजूला झालो आणि तिच्या पदराचा वारा माझ्या हातावरून गेला. ती भरभर पायऱ्या उतरू लागली.

एक हाक मारली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. तिची पावलं खालच्या फाटकापर्यंत ऐकू येत होती, वेळ पुष्कळ होता. मी हाक मारली नाही.